तेलगळतीच्या सरावात मी मेलो त्याची गोष्ट

…न्हाय न्हाय, मरायला माझी ना नव्हतीच! मेलो की मी! चांगला सकाळी धापासनं दुपारी एक वाजंपतूर मेलो. साहेब म्हणलं, "पाय हलवू नका," तर मुंगळ्यानं करंगळी धरली तरी हलवला न्हाय. माशी नाकात जाऊन आली, जाता जाता मिशीवर इसावली, तरी मी गप! इतकं चोख मेल्यालं माणूस आख्ख्या पुणे जिल्ह्यात दुसरं दावा मला. पर मी मेल्यावर माझ्या पाण्याचं काय झालं ते कुणी इचारलं का? न्हाय! माझी बोंब हाय ती त्याच्यापायी… आन् हे समदं कशासाठी, तर म्हणं तेलगळती! तेलगळतीला जहाज लागतं, बंदर लागतं, खारं पाणी लागतं. आता तुमीच सांगा, इंदापूर तालुक्याला समुद्र हाय का?

थांबा, मुळापासनं सांगतो, न्हायतर तुमी म्हणाल सोपान सकाळसकाळी घिऊन आलाय.

आमचं रान लासुर्ण्याच्या पल्याड, कॅनॉलच्या दोन नंबरच्या दारावर. दार म्हंजी कॅनॉलला पोटात लोखंडी फळी बसिवल्याली असती, ती वर उचलली की पाणी चारीत येतं, खाली दाबली की बंद. त्या एका दारावर आमी चौदा शेतकरी. उन्हाळ्यात कॅनॉलला पाणी सुटतं चाळीस-पंचेचाळीस दिवसांतनं एकदा, तेबी मोजून. मग चौदा जणांची पाळी लागती, ह्याला सहा तास, त्याला सहा तास, आन् ते नेमून देतो आमचा पाटकरी गोकुळ. गोकुळची वही म्हंजी आमचं सुप्रीम कोर्ट. तर ह्या खेपंला माझी पाळी आली गुरुवारी, धा ते चार. पावणेदोन एकर खोडवा, म्हंजी तोडल्यावर पुन्यांदा फुटल्याला ऊस, हाय माझा. पानं गुंडाळून सुतळीवानी झाल्याली, पाय ठिवला तर ढेकूळ बोंबलत व्हतं. आज पाणी मिळालं तर ऊस, न्हाय मिळालं तर सरपण. रंगूबाई, म्हंजी आमचं घर, बुधवारपासनंच खोरं घासून बसल्याली, जनू लढाईला जायचंय!

आन् बुधवारी संध्याकाळी चावडीवर दवंडी, समद्यांनी या, साहेब आल्यात.

साहेब म्हंजी दिग्विजयसाहेब. तरणं पोरगं, चष्मा, पायात पांढरं बूट, बोलणं एकदम गोड. कोकणातनं बदली होऊन आल्यालं. कुठल्या हापिसाचं ते इचारू नका, मला बी अजून कळालं न्हाय. जीपवर एक पाटी, छातीवर दुसरी, आन् कागदावर तिसरीच! त्यांनी टेबलावर एक जाडजूड बाड ठिवलं, भिजिवल्याल्या डाळीवानी फुगल्यालं, आन् म्हणलं, "ग्रामस्थहो, हा आपला तेलगळती आपत्कालीन आराखडा. उद्या याची रंगीत तालीम आहे."

मी हात वर केला. म्हणलं, साहेब, वाचून तरी दावा.

लागले वाचाय. "कलम चार. तेलाचा तवंग दिसताच मच्छीमार बांधवांनी आपल्या होड्या किनाऱ्याला लावाव्यात." सारी चावडी एकमेकांच्या तोंडाकडं बघाय लागली. होड्या? आमच्या गावात पाण्यावर तरंगणारी एकच वस्तू, ती म्हंजी आमच्या चौदांतल्या छबूबाईच्या हिरीत पडल्याली प्लास्टिकची घागर! "कलम सात. भरती-ओहोटीचे वेळापत्रक नियंत्रण कक्षात लावावे." झुंबर उठला. झुंबर म्हंजी माझा बांधाचा शेजारी, माझ्या खालचं रान त्याचं, माझ्यामागनं पाळी त्याची. ह्याचं नाव ध्येनात ठिवा, लई सज्जन माणूस, ह्याच्याच सज्जनपणानं माझा घात केला. तर झुंबर म्हणतो, "साहेब, आमच्याकडं पाणी सुटलं की भरती, बंद झालं की ओहोटी. ओहोटीचंच दिवस जास्त, लिहून घ्या." आन् साहेबांनी खरंच लिहून घेतलं! "कलम अकरा. कासवांच्या अंड्यांचे संरक्षण…" मी म्हणलं, साहेब, कोंबडीची चालतील का? आवो, तुमीच सांगा, इंदापूर तालुक्याला समुद्र हाय का?

पर साहेब चिडलं न्हाईत. चष्मा पुसला आन् म्हणलं, "आराखडा घाईत तयार झालाय, मान्य. मी तिकडचाच आणलाय. पण काका, या पुलावरून दिवसाला किती टँकर जातात? एमआयडीसीकडं जाणारे? त्यातला एक कॅनॉलमध्ये कलंडला, तर तेल दोन तासांत तुमच्या उसात, आणि चार तासांत तुमच्या पिण्याच्या तळ्यात. तेव्हा काय कराल?"

खोटं कशाला बोलू, पोरगं बरोबर बोललं. मागच्या साली एक दुधाचा टँकर त्याच पुलाच्या कठड्याला घासून गेला व्हता. दूध व्हतं म्हणून वाचलो, काळं तेल असतं तर आमी काय केलं असतं? लांब काठावर हुभं राहून व्हिडिओ काढला असता, दुसरं काय! म्हंजी प्लॅन चांगलाच, फकस्त त्याचा गाव चुकल्याला.

मग साहेबांनी खरी गोम सांगितली. तेल कॅनॉलात पडलं की पहिलं काम, समदी दारं बंद. म्हणून उद्या दिसभर समदी दारं बंद.

आता लागला का चटका? उद्या गुरुवार! माझी पाळी! म्या उभ्या उभ्या बोंब ठोकली. म्हणलं, साहेब, खोटं तेल, खोटा टँकर, मग दार तरी खरं कशाला बंद करताय? माझा ऊस काय खोटाखोटा वाळायचा हाय का? आन् माझ्यामागं तेरा जणांच्या पाळ्या, एक दिस गेला म्हंजी शेवटाला चार जणांचं पाणी कायमचं गेलं. मग उरल्यालं तेराबी उठलं. गलका! कुणाचं कुणाला आयकू ईना.

साहेबांनी हात वर केलं. म्हणलं, "ठीक आहे. दोन नंबरचं दार चालू ठेवतो, माझ्या जबाबदारीवर. पण माझी एक अडचण तुम्ही सोडवा. जखमी मिळालेत, बेशुद्ध मिळालाय, टँकरचा ड्रायव्हर मिळालाय. मयत मिळत नाही. चार गावं फिरलो. प्रत्येक जण म्हणतो, आई घरी आहे, अशुभ असतं. आराखड्यात एक मयत आहेच आहे. तुमच्या दारावरचा एक माणूस द्या मयत, दार चालू."

आन् तुमाला सांगतो, तेरा माना अशा वळल्या माझ्याकडं! जशी गव्हाणीत पेंडी टाकल्यावर जनावरं वळत्यात! "सोपानतात्या, पाळी तुमची हाय उद्या, मरायचा मान बी तुमचाच." "तात्या, नुसतं पडायचं तर हाय, तुमी घरी बी पडल्यालंच असताय." "तात्या, तेरा जणांचं पाणी तुमच्या मरण्यावर हाय, मरा की!" इतक्या प्रेमानं मला लग्नात घास घाला म्हणून बी कुणी आग्रह केला नव्हता. घरी आलो, रंगूला इचारलं. ती म्हणली, "मरा की मग! पाणी मी धरते. तुमी असला तरी बांधावर बसून हिकडं वळव, तिकडं वळव, ह्येच करताय." झालं. घरचीच परवानगी आली, मग मरायला कोण अडवतंय?

गुरुवारी धाला पुलावर ही गर्दी! अँब्युलन्स, अग्निशमनचा बंब, पोलीस, कॉलेजची पोरं निळ्या टोप्या घालून. टँकर उभा, रिकामा. आता तेल वतायचं तर खरं तेल वतता येत न्हाय, मग काय वतलं सांगा? चुरमुरं! व्हय, भेळीचं चुरमुरं! साहेब म्हणलं, चुरमुरे तरंगतात, पाण्याबरोबर वाहतात, म्हणजे हा तवंग समजायचा. दोन पोती चुरमुरं कॅनॉलात. खाली उसाचं वाळकं पाचट भरल्याल्या खताच्या गोण्या आडव्या बांधल्याल्या, तेल अडवाय, आन् तुमाला सांगतो ते मातूर झ्याक केल्यालं, आमच्या पाचटानं एक चुरमुरा खाली जाऊ दिला न्हाय! पर वरच्या अंगाला व्हती छबूबाईची बदकं. धा बदकं. त्यांनी बघितलं, ह्ये आज काय लॉटरी! साहेब कर्ण्यावरनं वरडत्यात, "तवंग दक्षिणेकडे सरकतोय!" आन् बदकं पूर्वेकडनं तवंग खात सुटल्याली! अर्ध्या घंट्यात निम्मं तेल बदकांच्या पोटात. सायबांच्या हाताखालचा एक जण वहीत लिहितोय, "तवंग पन्नास टक्के आटोक्यात."

आन् मी? मी मयत. टँकरच्या मागच्या चाकापाशी, डांबरावर. आधी समद्यांच्या गळ्यात चिठ्ठ्या घातल्या. लाल चिठ्ठी म्हंजी गंभीर जखमी, पिवळी म्हंजी मध्यम, हिरवी म्हंजी किरकोळ, आन् माझ्या अंगठ्याला बांधली काळी. लाल चिठ्ठीवाल्याला लगीच स्ट्रेचर, वर पंखा. पिवळीवाल्याला पाणी. हिरवीवाल्याला च्या आन् बिस्किटपुडा! मयताला काय? मयताला पांढरी चादर, ती बी डोक्यावरनं. म्या चादरीतनं म्हणलं, डाक्टर, येक घोट च्या… तर डाक्टरीणबाई म्हणते, "मयताने बोलायचं नाही." बरं म्हणलं, बोलत न्हाय, पर डांबर तापतंय! "मयताला चटका लागत नाही." आता काय बोलता?

मोबाईल सायबांनी काढून घेतला व्हता, मयताकडं मोबाईल शोभत न्हाय म्हणून. एक तासाचं काम. पर मोठं साहेब यायचं व्हतं बघाय, आन् त्यांची गाडी म्हंजी आता निघाली, भिगवणला आली, इंदापूरला जेवाय थांबली. त्यामुळं एक तासाचं मरण तीन तासावर गेलं. चादरीखाली पडल्या पडल्या मी मनातल्या मनात पाणी धरत व्हतो. आता पहिली सरी भरली असंल. आता रंगूनं दुसऱ्या वाफ्याला तोंड दिलं असंल. आता मधल्या पट्ट्यात, तितं ढेकळं जास्त, तितं पाणी अंमळ थबकतंय… खरं सांगतो, डोळं भरून आलं. लई दिसानं असा निवांत पडलो व्हतो आन् ऊस पाणी पीत व्हता. मरण असं असंल तर वाईट काय हाय, असं बी मनात येऊन गेलं बघा.

आन् तिकडं काय झालं व्हतं? ऐका.

साहेबांनी सव्वाधाला वायरलेसवर सांगितलं, "पुलावर एक मयत. नाव सोपान. वय पंचावन्न." अगदी खऱ्यावानी, बातम्या दिल्यावानी. दोन किलोमीटर खाली दारावर गोकुळ पाटकरी बसल्याला, त्याच्याशेजारी एक निळ्या टोपीचं पोरगं वायरलेस घिऊन. गोकुळला सराव म्हायती व्हता, मी मयत हाय ते बी म्हायती व्हतं. पर तो इचार करतो, आरं, नाटकातलं मयत वायरलेसवर कशाला सांगतील? नाव-वय कशाला सांगतील? त्यानं ताडलं आन् फोन लावला झुंबरला, "झुंबरआण्णा, घात झाला! सोपानतात्या नाटक करता करता खरंच गेला! उनाचा अटॅक आला जनू!"

बघा बरं! "नाटक करता करता खरंच गेला!" आता ह्याच्यावर औषध काय? माणूस म्हणला, आरं ते नाटक हाय, तर गाव म्हणतं, व्हय की, नाटकातच गेला! पाच मिनटांत गावच्या ग्रुपवर माझा फोटो, भाच्याच्या लग्नातला, फेटा बांधल्याला, खाली दोन हात जोडल्यालं आन् भावपूर्ण श्रद्धांजली. दोनशे बारा श्रद्धांजल्या मोजल्या म्या नंतर. ज्यांनी दहा वर्षांत मला रामराम घातला न्हाय, त्यांनी लिहिलंय, "दिलदार माणूस गेला!"

झुंबर, माझा सज्जन शेजारी, तसाच अनवाणी पळत माझ्या रानात. रंगू खोरं घिऊन चिखलात हुभी. झुंबर म्हणतो, "वैनी, खोरं ठिवा. चला घरला." ती म्हणती, "का वो भावजी?" झुंबरला हुंदका. "सोपाना गेला वैनी." रंगू हसली. आता ती हसणारच की! म्हणली, "म्हायती हाय मला. जेवायच्या वक्ताला येत्याल." झुंबरनं कपाळावर हात मारला. मागं बायका आल्याल्या, त्यांना म्हणतो, "वैनीच्या डोक्यावर परिणाम झालाय, धरा तिला!" रंगू वरडती, "अवो, ते नुसतं मेल्यालं दाखवायचं हाय! पुलावर! पांढरी चादर हाय!" बायका म्हणत्यात, "व्हय गं माय, पांढरीच असती." जितकं ती खरं बोलती तितक्या ह्या रडत्यात! चौघींनी दंडाला धरून नेली घरला, अंगणात बसिवली, डोक्यावर पाणी थापलं, आन् एक जण तिला लिंबू हुंगवाय लागली. तिला एकच घोर, मागं पाणी मोकाट चाललंय. ती वरडती, "माझं पाणी, माझं पाणी!" आन् ह्या तांब्या पुढं करत्यात!

आता आमच्या चारीवर एक जुनी रीत हाय, आज्ज्यापासनं चालत आल्याली. ज्याच्या घरात मयत होतं, त्याच्या घरचं पाणी कोण धरणार? माणसं दुःखात, पाणी वाया जायचं. म्हणून मागच्याची पाळी एका नंबरानं पुढं सरकती, आन् दुःखाचं घर जातं शेवटाला, ते बी पाच दिस दुखवटा सरल्यावर. चांगली रीत हाय, म्या सवता दोनदा पाळलीया. गोकुळनं वहीत माझ्या नावापुढं लिहिलं "दुखवटा", आन् पाणी दिलं झुंबरला. झुंबरची चारची पाळी गेली छबूबाईला, छबूबाईची रावजीला, अशी चौदा जणांची रांग धा मिनटांत सरकली. शाळंत मास्तर आल्यावर पोरं सरकत्यात तशी. हितं समुद्र कुठं हाय, जहाज कुठं हाय, तेल कुठं हाय? आवो, तेल बदकांनी खाल्लं! पर माझं पाणी मातूर खरोखरीचं गेलं!

ह्यातलं मला काय म्हायती? मी चादरीखाली तिसरी सरी भरतोय!

एकच्या सुमाराला मोठं साहेब आलं. दिग्विजयसाहेब त्यांना दावत्यात, हा तवंग, हा बांध, ह्ये जखमी, ह्यो मयत. तेवढ्यात पुलाच्या त्या टोकाला पिकअप थांबली कचकन. आन् आवाज आला, "आरं माझ्या दादाऽऽ रंऽऽ…"

म्या वळखला. कुशाबाई! माझी धाकटी भन, सणसरला दिल्याली. सोळा पाव्हणी घिऊन आल्याली. आली ती थेट माझ्या चादरीवर पडली. आन् तुमाला सांगतो, कुशाबाईचं रडणं म्हंजी आमच्या भागात नावाजल्यालं. नुसतं रडत न्हाय ती, हेल काढून समदा इतिहास सांगती, कोण कसं वागलं, कुणी काय दिलं, काय द्यायचं राहिलं. दिग्विजयसाहेब तर खूश! मोठ्या साहेबांना म्हणत्यात, "सर, नातेवाइकांचा आक्रोश. कलम सतरा, जमाव नियंत्रण." मोठं साहेब म्हणलं, "उत्तम! अगदी खरं वाटतंय. बाईंना प्रमाणपत्र द्या."

आन् कुशाबाई गातीया, "आरं माझ्या दादा रंऽऽ, सोन्यासारकं रान टाकून चाललास रंऽऽ… मला बोरमाळ करतो म्हणला व्हतास रंऽऽ, ती करायची राहिली रंऽऽ…" म्या खाली पडून म्हणलं, ही बया मेल्यावर बी सोडत न्हाय. "…रंगूवैनीला येड लागलं रंऽऽ, लिंबू हुंगवत्यात रंऽऽ…" माझा कान टवकारला. "…आन् सकाळधरनं तुझं पाणी झुंबरच्या उसात चाललंय रं माझ्या दादाऽऽ…"

"कुणाच्या?"

बसलो की उठून! चादर बाजूला, अंगठ्याला काळी चिठ्ठी, आन् मी डांबरावर बसल्याला. "कुणाच्या उसात चाललंय म्हणलीस?"

मग काय सांगू तुमाला! कुशाबाई "दा…" म्हणली आन् आडवी झाली. पाव्हणी पिकअपच्या दिशेनं पळाली. एक हवालदार, चांगला मिशीवाला, बंबावर चढला! लाल चिठ्ठीवाला गंभीर जखमी स्ट्रेचरवरनं उठून पळाला, त्याच्या मागं बेशुद्ध! मी वरडतोय, माझी भन पडलीया, खरी पडलीया, बघा तिला! अँब्युलन्सवाला कागद बघून म्हणतो, "लाल चिठ्ठ्या तीनच होत्या, त्या संपल्या." आरं, चिठ्ठ्या संपल्या म्हणून माणसानं पडायचं न्हाय का? शेवटी डाक्टरीणबाईंनी कागद बाजूला सारला, पाणी मारलं, नाडी बघितली, सावलीत नेलं, लई मायेनं केलं त्यांनी. कुशाबाईनं डोळं उघडलं, मला बघितलं, माझ्या गालावरनं हात फिरिवला, रडली, हसली, आन् म्हणली, "मग बोरमाळ करणार न्हवं?"

आन् दिग्विजयसाहेब? त्यांचा चेहरा असा पडल्याला… मोठ्या साहेबांसमोर मयत उठलं हो त्यांचं! जवळ येऊन हळू म्हणलं, "काका, आणखी सात मिनिटं राहिली होती." म्या म्हणलं, सायेब, आणखी सात मिनिटं मेलो असतो तर झुंबरचा बांध फुटला असता!

मी चादरीसकट पळत रानात. झुंबर खोरं घिऊन हुभा, गुडघाभर चिखल, डोळं रडून लाल. मला बघितलं आन् खोरं टाकून गळ्यात पडला. खरंच सांगतो, मिठी मारून रडला गडी. म्हणला, "सोपाना, तू हाईस! तू हाईस!" मला बी गहिवर आला. दोघं बी रडलो. मग डोळं पुसून म्या म्हणलं, आता माझं पाणी दे. तर झुंबर डोळं पुसत पुसतच म्हणतो, "ते आता कसं जमंल?" आरं का? "दिल्यालं पाणी मोडत न्हाईत, सोपाना. रीत हाय." म्हणलं, मग तुझी चारची पाळी मला दे. "ती छबूबाईची झाली की!" छबूबाईची? "रावजीची झाली." रावजीची? "संभाजीची." गोकुळला बोलिवला. गोकुळ वही उघडून म्हणतो, "तात्या, नाव शेवटाला लिवलंय, दुखवट्याचं पाच दिस सोडून, मंगळवारी रातीला लागंल." आन् कॅनॉल बंद कवा हाय? "सोमवारी."

संपलं! बांधालगतच्या चार सऱ्या तेवढ्या झुंबरच्या पाझरानं वल्या झाल्या, तेवढाच माझ्या मरण्याचा प्रसाद.

घरी आलो तर अंगणात ही माणसं. रंगू मधी बसल्याली, डोक्यावर लिंबाचा पाला, मला बघून म्हणती, "आला का? आता सांगा ह्यांना मी शाणी हाय म्हणून!" आन् मयताच्या घरी चूल पेटत न्हाय, म्हणून भावकीनं कडू घास धाडल्याला. पाच पाट्या भाकरी, दोन पातेली पिठलं, हिरव्या मिरचीचा ठेचा. टाकून देता येत न्हाय, अन्न हाय. सकाळपासनं पोटात कण न्हवता माझ्या. बसलो मग पंगतीला आन् सवताच्याच मयताचं पिठलं वरपलं. झक्कास झालं व्हतं!

आठ दिसांनी सरकारी कागद आला. "मयत वेळेपूर्वी उठल्याने सराव अपूर्ण राहिला. सबब पुढील आवर्तनात पुन्हा घेण्यात येईल. त्या दिवशी सर्व दारे दिवसभर बंद राहतील. मात्र मयताची भूमिका अनुभवी व्यक्तीने केल्यास दोन नंबरच्या दारास सूट." तारीख बघितली. माझ्याच पाळीचा दिस! कलम सात अजून तसंच, भरती-ओहोटी. फकस्त खाली एक कलम वाढिवल्यालं, "परिसरातील बदके बांधून ठेवावीत." आता तुमीच सांगा… जाऊ द्या, समुद्राचं इचारायचं बी सोडलं आता म्या.

म्या गोकुळला म्हणलं, ह्या खेपंला मी मेलो तर पाणी पुढं सरकवू नगं. समद्यांना कळलंय की ते नाटक हाय. गोकुळ म्हणला, "तात्या, नाटक कुठलं आन् खरं कुठलं, ते दारावर बसून मी कसं वळखू? परत घोळ नको. वायरलेसवर मयत म्हणलं की पाळी सरकली, मग तुमी उठा न्हायतर पडा. मतं घ्या." मतं घेतली. तेरा हात वर! झुंबरचा समद्यात उंच, आन् वर डोळ्यात पाणी!

म्हंजी बघा कसं हाय. मी मयत न्हाय झालो तर दार बंद, चौदाबी कोरडं. झालो तर तेरा जणांची भरती आन् एकट्या सोपानची ओहोटी. तेरा घरं रोज येऊन पाया पडत्यात, मरा म्हणून. रंगूला म्हणलं, तू सांग आता काय करायचं. तिनं इचार केला आन् म्हणली, "अवो, ह्या खेपंला मी मरते. तुमी धरा पाणी." म्हणलं, येडे, घरात कुणी बी मरू दे, दुखवटा त्योच, पाणी झुंबरलाच जातंय.

तिनं हातातलं खोरं भिंतीला टेकवलं. मग म्हणली, "पाणी जातंयच म्हणता?" म्हणलं, जातंयच. "मग मी एकटीनं घरी बसून काय करू?"

तवा काल दिग्विजयसाहेबांना फोन करून सांगितलं, साहेब, चादर जरा मोठी आणा, ह्या खेपंला आमी जोडीनं येतोय!